खोड कळायला लागणारे दिवस

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन हे यात्रेचे निमित्त, आणि घोड्यांचा बाजार ही तिची ख्याती. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबी अशा नाना जातींचे घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून ह्या बाजारात येतात. अलीकडे शासनाच्या पर्यटन विभागाने यात्रेला ‘चेतक महोत्सव’ असे नाव जोडून दिले आहे, आणि एखाद्या घोड्याची किंमत कोटीच्या घरात गेल्याच्या बातम्या दर वर्षी वर्तमानपत्रांतून येत असतात.

ह्या बाजारात गिऱ्हाईक घोडा दोन प्रकारांनी पाहते. एक पाहणे लक्षणांचे असते. रंग कुमैत की अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी की नाही, अंगावरचे भोवरे कुठे आहेत, देवमण आहे का, हे सारे त्यात येते. दुसरे पाहणे दात, खूर, डोळे आणि चाल ह्यांचे. आणि ही दोन्ही पाहणी उरकल्यावर एक प्रश्न उरतो, जो कोणतेही जनावर घेताना विचारला जातो : काही खोड आहे का? मराठीत नपुंसकलिंगी ‘खोड’ म्हणजे झाडाचा बुंधा, आणि स्त्रीलिंगी ‘खोड’ म्हणजे अंगात मुरलेला दोष. घोडा चावतो, लाथ झाडतो, मोटारीच्या आवाजाला बुजतो, चढणीवर अडून बसतो, पाण्यात पाय घालत नाही, ह्या सगळ्या खोडी. भोवरा उभ्या उभ्या दिसतो. खोड मात्र दिसत नाही. ती कळायला जनावर घरी यावे लागते आणि मध्ये काही दिवस जावे लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हे ‘काही दिवस’ आहेत. सदोष निघालेले वाहन विकणाऱ्याकडे परत करण्याचा, वा त्याची किंमत परत मागण्याचा जो हक्क अमेरिकेत ‘लेमन लॉ’ ह्या नावाने ओळखला जातो, तो आधुनिक ग्राहक-चळवळीचे अपत्य आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वाहन म्हणजे घोडा असण्याच्या काळापासून हा प्रश्न कायद्यापुढे आहे, आणि आपल्याकडच्या कायद्याने त्याला एके काळी दिवसांच्या मोजमापात उत्तर दिलेले होते. ते मोजमाप पुढे गळून पडले आणि अद्याप परत आलेले नाही.

*

नंदुरबारला घोडा नवा नाही. सुरत आणि बऱ्हाणपूर ह्यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरचे हे गाव. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादहून खंबायतेकडे जाताना इथून गेला. गावात मराठ्यांची वस्ती आहे, आणि ते कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी आहेत, अशी नोंद त्याने केली आहे. तो त्या वेळी मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे निघाला होता, आणि सुलतानाने पाठवलेल्या नजराण्यात १०० जातिवंत घोडे होते. घोड्याची त्या काळातली प्रतिष्ठा ह्या एका तपशिलावरून कळावी. सामान्य माणसाची वाहतूक बैलगाडीने, ओझ्याच्या बैलाने आणि तट्टाने होई. चांगला घोडा ही राजाची, सरदाराची आणि धनिकाची वस्तू होती. तो आजच्या भाषेत आलिशान वाहन होता.

आणि बहुतेक वेळा तो परदेशी बनावटीचा असे. दख्खनच्या हवेत उंचेपुरे लढाऊ घोडे पुरेशा संख्येने निपजत नसत. अरबस्तान आणि इराणी आखातातून ते समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. ह्या व्यापारात गिऱ्हाइकाची बाजू किती लंगडी होती ह्याची एक हकीकत फर्नाव नुनीश ह्या पोर्तुगीजाने लिहून ठेवली आहे. नुनीश स्वतः घोड्यांचा व्यापारी होता आणि १५३५ च्या सुमारास विजयनगरात राहिला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे, त्याच्या आधी सुमारे अर्धशतक राज्य केलेला साळुव नरसिंह हा राजा एडन आणि होर्मुझहून येणारे घोडे मेलेले-जिवंत न बघता विकत घेई. वाटेत समुद्रावर जो घोडा मरे त्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी व्यापाऱ्याला जिवंत घोड्याचेच पैसे मिळत. ह्यात राजाचा भोळेपणा नव्हता. शेजारच्या सुलतानांशी स्पर्धा करायची तर घोडा आपल्याकडेच आला पाहिजे, मग जोखीम कितीही असो, हा त्यामागचा हिशेब होता. वस्तूची गरज जिथे विक्रेत्याला कळून चुकलेली असते, तिथे दोषाचा सगळा भार गिऱ्हाईक आपण होऊन उचलते. राजाला ते परवडत होते. त्याच बाजारातून एखादा घोडा घेणाऱ्या शिलेदाराला ते परवडणारे नव्हते, आणि कायद्याची गरज ह्या दुसऱ्या माणसाला असते.

*

धर्मशास्त्रकारांनी वादाचे जे अठरा विषय, म्हणजे व्यवहारपदे, सांगितली त्यांत क्रय आणि विक्रय ह्यांच्या ‘अनुशया’चे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. विकत घेऊन वा विकून झाल्यावर मनाला लागलेली रुखरुख हा न्यायसभेपुढे आणण्याजोगा विषय आहे, हे त्या नामकरणातच मान्य केलेले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात ह्या पदाचे विवेचन आहे. जिज्ञासूंनी ते मुळातून पाहावे. येथे आपल्या विषयापुरते तीन मुद्दे पुरेत.

पहिला मुद्दा मुदतीचा. मनूने खरेदी वा विक्री फिरवण्यासाठी सरसकट १० दिवस दिले. याज्ञवल्क्याने त्याहून बारीक विचार केला. वस्तू वेगवेगळ्या, तेव्हा त्यांचे दोष कळायला लागणारा वेळही वेगळा. म्हणून बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, रत्नाला ७, दुभत्या जनावराला ३, आणि ज्याला तो ‘वाह्य’ म्हणतो त्या, ओझे वा स्वार वाहणाऱ्या जनावराला ५ दिवसांची परीक्षेची मुदत त्याने सांगितली. आज आरटीओच्या कागदावर ज्याला आपण ‘वाहन’ म्हणतो तो शब्द आणि हा ‘वाह्य’ एकाच धातूचे आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, विक्रमादित्य सहावा गादीवर असताना. त्याच विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा ह्याच्या मानसोल्लासात घोड्यांचे देश, वर्ण आणि लक्षणे विस्ताराने आली आहेत. एकाच राजकुळाच्या दोन पिढ्यांत, एका ग्रंथात घोडा कसा पाहावा हे आहे, आणि दुसऱ्यात, पाहूनही फसगत झाली तर काय करावे हे आहे.

दुसरा मुद्दा वापराच्या वजावटीचा. नारदाच्या मते नापसंत वस्तू त्याच दिवशी परत केली तर पूर्ण किंमत मिळावी, दुसऱ्या दिवशी केली तर तिसावा हिस्सा कापावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू गिऱ्हाइकाचीच. ज्याने आधी स्वतः गुणदोष पारखून वस्तू पसंत केली त्याला मागाहून कुरकुर करता येणार नाही, असेही तो बजावतो. म्हणजे हा कायदा गिऱ्हाइकाचे लाड करणारा नव्हता. दोन्ही बाजूंचे नुकसान त्याने तराजूत घातले होते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कौटिल्याचा. रोगी वा दूषित असलेले जनावर निकोप आणि उमदे आहे असे सांगून विकणाऱ्याला त्याने १२ पणांचा दंड सांगितला, आणि चतुष्पाद परत करण्यासाठी तीन पक्षांची, म्हणजे दीड महिन्याची मुदत दिली. ह्या मुदतीचे कारणही तो लगेच देतो : एवढ्या काळात ते शुद्ध की अशुद्ध हे समजू शकते. सारा न्याय ह्या कारणात आहे. मुदत ही गिऱ्हाइकावरची मेहेरबानी नाही. विकणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढी ती आहे.

येथे सुवर्णयुगाचा मोह आवरला पाहिजे. याज्ञवल्क्याच्या त्याच यादीत बियाणे आणि लोखंड ह्यांच्या ओळीला दासीसाठी एक महिना आणि दासासाठी अर्धा महिना परीक्षेची मुदत आहे. कौटिल्याने चतुष्पादाला तीन पक्ष दिले, त्याला लागूनच माणसांसाठी एक वर्ष दिले आहे. जो कायदा घेणाऱ्याच्या पश्चात्तापाचा इतका बारकाईने विचार करतो, त्याला विकल्या जाणाऱ्या माणसाच्या दुःखाचा विचार सुचलेला नाही. रोमन कायद्यातही हेच आढळते. तिथे बाजारावर देखरेख करणाऱ्या एडाईल ह्या अधिकाऱ्यांचा जाहीरनामा होता : गुलाम आणि जनावरे विकणाऱ्याने दोष उघड सांगावेत, न सांगितल्यास ६ महिन्यांत सौदा मोडता येईल आणि वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येईल. सदोष मालाच्या कायद्याची वंशावळ अशी गुलामांच्या बाजारातूनही आलेली आहे. ती लपवून आपल्या परंपरेचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. घ्यायचे ते एवढेच, की दोष कळायला वेळ लागतो हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते, आणि तो वेळ त्यांनी आकड्यांत मांडला होता.

*

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या विनियमाने दिवाणी न्यायासाठी जो क्रम घालून दिला, त्यात लेखी कायदा नसेल तिथे देशरिवाजाला आणि त्यानंतर प्रतिवादीच्या धर्मशास्त्राला स्थान होते. तोवर बाजाराच्या रिवाजाला काही किंमत होती. १८७२ मध्ये भारतीय संविदा अधिनियम आला. तो विधिमंडळात मार्गी लावला जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनी. ह्या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य असे, की कलमांखाली छोटी उदाहरणे दिलेली आहेत. कथनाचा अभ्यास करणाऱ्याने ती अवश्य वाचावीत. चारदोन ओळींत पात्रे येतात, प्रसंग घडतो आणि निवाडा होतो.

कपट कशाला म्हणावे हे सांगणारे सतरावे कलम घ्या. त्याखालच्या चार उदाहरणांपैकी पहिली तीन घोड्याची आहेत. पहिल्यात एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. हे कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. दुसऱ्यात घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळे दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निकोप आहे असे मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथे मात्र त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच मानले जाते.

ही तीन उदाहरणे एकापाठोपाठ वाचली की कायद्याचा सूर ध्यानात येतो. परक्या माणसापुढे मौन निर्दोष आहे. मुलीपुढे ते दोषास्पद आहे. आणि ज्या परक्याला नेमका प्रश्न नेमक्या शब्दांत विचारता येतो, त्याच्यापुढेही ते दोषास्पद ठरू शकते. म्हणजे संरक्षण मिळवायचे तर एक तर नाते हवे, नाही तर वकिली चातुर्य हवे. पुढे एकोणिसाव्या कलमात आणखी एक अट आहे : साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते, तर मौनाने फसलो ही तक्रार करून करार मोडता येत नाही. गिऱ्हाइकाने आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, हे जुने इंग्रजी तत्त्व घोड्यावर बसून आपल्या कायद्यात आले ते असे.

कौटिल्याचा विक्रेता आणि १८७२ चा विक्रेता ह्यांची तुलना सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. कौटिल्याने दंड सांगितला तो खोटे बोलणाऱ्याला, आणि खोटे बोलणे १८७२ च्या कायद्यातही कपटच होते. फरक पडला तो गप्प राहणाऱ्याच्या बाबतीत. तीन पक्षांची मुदत असलेल्या बाजारात विकणारा बोलला काय आणि न बोलला काय, पुढच्या दीड महिन्यात जनावर स्वतःच बोलत होते. मुदत काढून घेतल्यावर जनावराच्या बोलण्याला ऐकणारा कोणी उरला नाही.

१९३० च्या मालविक्री अधिनियमाने परिस्थिती काहीशी सुधारली. घेणाऱ्याने आपला हेतू सांगून विकणाऱ्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे ही गर्भित अट सोळाव्या कलमाने मानली. परंतु ह्याच अधिनियमात ‘अट’ आणि ‘हमी’ असा भेद आहे. अट मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर फक्त भरपाई मिळते. आणि एकदा माल स्वीकारला की मोडलेली अटही सामान्यतः हमीच्या पातळीवर उतरते. ‘वाजवी मुदती’पलीकडे माल न नाकारता ठेवून घेणे म्हणजे स्वीकारणेच. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे अधिनियम सांगत नाही. ते प्रत्येक दाव्यात नव्याने ठरवायचे असते.

*

अमेरिकेत बिघडलेल्या गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. आपल्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू चिरडतात आणि पुढे लिंबू-मिरची टांगतात. आपले लिंबू गाडीला दृष्ट लागू नये म्हणून असते, त्यांचे लिंबू म्हणजे गाडीच. जॉर्ज अकेरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाचा लिंबांच्या बाजारावरचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन नियतकालिकांनी तो त्याआधी परत केला होता. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : जुन्या गाडीचा दोष विकणाऱ्याला कळतो, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि शेवटी बाजारात लिंबेच उरतात. निबंधात ग्रामीण भारतातल्या सावकारीचेही उदाहरण आहे. खानदेशातल्या वाचकाला ते ओळखीचे वाटेल. २००१ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात अकेरलॉफने आपला प्रश्न बाजाराइतकाच जुना असल्याचे सांगितले, आणि उदाहरण दिले ते घोड्याच्या सौद्याचे : हा माणूस हा घोडा विकायला निघाला आहे, तर मग मी तो का घ्यावा?

कायद्याने ह्या प्रश्नाला दिलेले आधुनिक उत्तर कनेक्टिकट राज्यात १९८२ मध्ये आले. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी दुरुस्तीसाठी एकूण ३० दिवस पडून राहिली, तर दुरुस्तीची वाजवी संधी देऊन झाली असे धरून कंपनीने गाडी बदलून द्यावी वा किंमत परत करावी. जेवढी गाडी चालली तेवढी वजावट करावी. हे नियम वाचताना नारदाचा तिसावा हिस्सा आणि कौटिल्याचे तीन पक्ष आठवल्याखेरीज राहत नाहीत. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असे मला मुळीच सुचवायचे नाही. एकाच अडचणीशी झगडणारी माणसे एकाच उत्तरापाशी पोचली, आणि ते उत्तर म्हणजे मोजलेले दिवस.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे उपाय दिले, आणि २०१९ च्या अधिनियमात ते कायम आहेत. परंतु कितव्या दुरुस्तीनंतर कोणता उपाय, हे कुठे लिहिलेले नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की हमीच्या अटी सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरत्या असताना संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नव्हता. २०१९ च्या अधिनियमात उत्पादन-दायित्वाचे नवे प्रकरण आले खरे, पण तिथे ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला पोचलेली हानी वगळली आहे. गाडीने माणसाला इजा केली तर ते प्रकरण लागू होते. गाडी नुसतीच लिंबू निघाली तर होत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन अधिनियमात सदोष गाड्या माघारी बोलावण्याची तरतूद आली, ती एका प्रकारच्या अनेक गाड्यांत आढळणाऱ्या धोकादायक दोषांसाठी. एकट्या गाडीची एकटी खोड तिच्याबाहेर राहते.

मग होते काय, हे २०२४ च्या जुलैतले दोन निकाल सांगतात. ९ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीजचे एक प्रकरण निकाली काढले. एका कंपनीने आपल्या संचालकाच्या वापरासाठी गाडी घेतली होती आणि तिचा मधला भाग तापतो अशी तक्रार होती. ही खरेदी ‘वाणिज्यिक प्रयोजना’ची, म्हणून कंपनी ग्राहकच नव्हे, हा बचाव न्यायालयाने नाकारला. राष्ट्रीय आयोगाचा मूळ निर्णय २००७ चा होता. दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, बीएमडब्ल्यूचे प्रकरण संपले. ती गाडी २५ सप्टेंबर २००९ रोजी घेतली होती आणि दोष आढळल्याची तक्रार २९ सप्टेंबरची होती. प्रकरण फौजदारी मार्गाने गेले. २०१२ मध्ये हैदराबादच्या उच्च न्यायालयाने खटला रद्द केला, पण नवी गाडी देण्यास सांगितले. कंपनीने तयारी दाखवली, तक्रारदाराला गाडी नको होती, पैसे हवे होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

२५ सप्टेंबरपासून २९ सप्टेंबर. याज्ञवल्क्याने वाह्यासाठी सांगितलेल्या पाच दिवसांच्या आत ही खोड दिसली होती. निकाल लागायला मात्र जवळजवळ पंधरा वर्षे गेली. तक्रार खरी होती की नाही, हेही त्या मुदतीत एखाद्या जाणकाराने गाडी चालवून पाहिले असते तर दोन्ही बाजूंच्या सोयीने ठरले असते.

*

येथे वाचक विचारील, की आलिशान गाड्यांच्या मालकांसाठी हळहळ कशाला? ज्या जिल्ह्यात अक्राणीच्या पाड्यांवर आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या येतात, तिथे मर्सिडीजच्या तापणाऱ्या मधल्या भागाची चर्चा अप्रस्तुत नाही का? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. ज्यांच्यापाशी वकील होते, पैसा होता, आणि गाडीवाचून ज्यांचे काही अडणार नव्हते, त्यांना पंधरा आणि सतरा वर्षे थांबता आले. साळुव नरसिंहासारखे त्यांना परवडले. धडगावच्या घाटात प्रवासी जीप चालवणाऱ्याला, नवापूरहून भाजी नेणाऱ्या पिकअपवाल्याला, शहाद्याच्या ट्रॅक्टरमालकाला ते परवडत नाही. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही. श्रीमंतांच्या खटल्यांतून कायद्याचे रूप स्पष्ट दिसते, म्हणून ते पाहायचे. भोगायचे ते इतरांना.

कायद्याचा दरवाजा पूर्वीपेक्षा जवळ आला आहे, हे नाकारता येणार नाही. २०१९ च्या अधिनियमानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, नंदुरबारच्या माणसाला नंदुरबारच्या जिल्हा आयोगापुढे जाता येते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात. तक्रार दोन वर्षांत करावी लागते. ती तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत, निकाली काढण्याचा शक्य तेवढा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. म्हणजे आपल्या कायद्यात दिवस आहेत, पण ते तक्रारीचे आहेत. वाहनाचे नाहीत.

सारंगखेड्याचा घोडाही ह्या कायद्याच्या नजरेत मालच आहे, कारण माल म्हणजे जंगम मालमत्ता. हौसेने घेतला तर घेणारा ग्राहक ठरतो. वरातीला भाड्याने देण्यासाठी घेतला, तर तो स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला होता हे दाखवावे लागते. मर्सिडीजच्या खटल्यात जो वाद सतरा वर्षे चालला, तोच लग्नसराईतल्या घोडीलाही लागू आहे. आणि घोडा असो की मोटार, आयोगापुढे गेल्यावर प्रश्न तोच येतो : दोष मुळातला होता हे सिद्ध कसे करणार? तज्ज्ञाचा अहवाल आणा. तो अहवाल कोणी, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने द्यायचा, ह्यावरच गरीब तक्रारदाराचा दम सुटतो.

म्हणून ह्या इतिहासातून काढायचा निष्कर्ष साधा आहे. नव्या वाहनासाठी परीक्षेची निश्चित मुदत, दुरुस्तीच्या संधींची निश्चित संख्या, आणि त्या ओलांडल्यावर दोष मुळातलाच होता असे गृहीत धरून तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, एवढ्या तीन गोष्टी कायद्यात आकड्यांनिशी लिहिल्या गेल्या तर बराचसा वाद उद्भवणारच नाही. त्यात आपल्या परंपरेला परके असे काही नाही. ज्या परंपरेने खरेदीनंतरच्या पश्चात्तापाला न्यायसभेत जागा दिली, तिला हे समजायला जड जाऊ नये.

यात्रा संपते, तंबू उठतात, आणि घेतलेला घोडा टेम्पोत चढवून नवा मालक घरची वाट धरतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो, पण ती कळते मात्र फार लवकर : दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, फार तर तीन पक्षांत. तेवढ्या दिवसांत माघारी फिरायला वाट असावी, इतकेच मागणे आहे.